तडा बुजवण्याची विद्या

सन १९८६ च्या जानेवारीत गालील सरोवराचे पाणी अवर्षणामुळे नेहमीपेक्षा पुष्कळ खाली गेले होते. गिनोसार वसाहतीत राहणारे मोशे आणि युवाल लुफान हे दोघे मच्छीमार भाऊ उघड्या पडलेल्या काठावरून फिरत असता चिखलात रुतलेल्या एका होडीची कड त्यांच्या दृष्टीस पडली. पुरातत्त्वज्ञांनी अकरा दिवस आणि अकरा रात्री खपून ती होडी मोकळी केली. आठ मीटरांहून थोडी अधिक लांब आणि सव्वादोन मीटरांहून थोडी अधिक रुंद अशी ही होडी साधारणपणे प्रभू येशूच्या काळातील असावी, असे परीक्षणांती ठरले. ती प्रभूच्या शिष्यांची होती असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. मात्र जब्दीचे मुलगे याकोब व योहान ज्या प्रकारच्या होडीत बसून जाळी नीट करीत होते, त्या प्रकारची ही होडी आहे, एवढे म्हणता येते.

या होडीकडे पाहताना अभ्यासकांना सर्वाधिक विस्मय वाटला तो तिच्या ठिगळांचा. तिच्या फळ्या मुख्यतः सीडारच्या आणि फासळ्या ओकच्या आहेत. परंतु एकंदर सुमारे डझनभर जातींचे लाकूड तिच्यात आढळले. काही तुकडे तर आधी दुसऱ्या होडीत वापरलेले होते. मालक गरीब असावा आणि सुतार कसबी असावा. जे लाकूड हाती लागले त्यातून त्याने वर्षानुवर्षे ही होडी पाण्यावर ठेवली. अखेरीस जेव्हा दुरुस्तीही पुरेना, तेव्हा तिचे उपयोगी भाग काढून घेण्यात आले आणि उरलेला सांगाडा सरोवराच्या स्वाधीन झाला.

आता या कथेतील दुसरा भाग. वीस शतके पाण्याखाली राहिलेले ते लाकूड इतके मऊ झाले होते की, होडी उचलताच तिचा चुराडा झाला असता. म्हणून संशोधकांनी होडीच्या आत फायबरग्लासच्या फासळ्या बसवल्या, तिच्याभोवती फेसाळ प्लास्टिकचे कवच चढवले आणि ती पुन्हा एकदा सरोवरावर तरंगवत नेली. पहिल्या शतकातील सुताराचे काम विसाव्या शतकातील काचेच्या धाग्याने तोलून धरले.

हा काचेचा धागा आज जगभर मच्छीमारांच्या होड्यांचे अंग झाला आहे. आपल्या किनाऱ्यावरील लहान होड्यांतही ‘फायबर’ने केव्हाच जागा मिळवली आहे. होडी बदलली, तशी तिच्या दुरुस्तीची विद्याही बदलली. ही नवी विद्या माणसाने कशी मिळवली आणि ती नीट न शिकल्यास काय गमवावे लागते, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

लाकडी होडीचा स्वभाव

लाकडी होडी ही अनेक अवयवांची बनलेली असते. एखादी फळी कुजली तर ती काढून दुसरी बसवता येते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस वा तागाचा दोर ठासून वर राळ, तेल, चुना, डांबर यांचा लेप देण्याची रीत फार जुनी आहे. नोहाच्या तारवाला आतून व बाहेरून डांबर लावल्याचा उल्लेख पवित्र शास्त्राच्या अगदी आरंभीच्या पानांत येतो, तो काही उगाच नव्हे. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या जीवांचा उपद्रव फार; म्हणून होडी वेळोवेळी किनाऱ्यावर ओढून तिचा तळ खरवडावा लागे.

नीट सांभाळलेले लाकूड किती टिकते याचे एक उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. १९९० पासून सुमारे दहा वर्षे तिची डागडुजी चालली आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही पाहावयास मिळते.

लाकडी होडीचा आणखी एक गुण असा की, तिचे दुखणे लपत नाही. सांधा सुटला की पाणी झिरपते, फळी कुजली की टोकदार हत्यार सहज आत जाते. सुतार बोटाने चाचपून सांगतो की दुखणे कोठे आहे. फायबरच्या होडीची गोष्ट निराळी आहे.

काचेचा धागा आणि राळ

१९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या विटा एकमेकींना जोडण्याची खटपट करीत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाखालील हवेचा झोत अचानक आदळला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी या अपघाताचे मोल ओळखून असे तंतू काढण्याची पद्धत सिद्ध केली. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. त्याच दशकात कार्लटन एलिस या रसायनशास्त्रज्ञाने पॉलिएस्टर जातीची कृत्रिम राळ तयार केली. आपले कारागीर तिला ‘रेझिन’ म्हणतात.

धागा एकटा लवचीक, राळ एकटी ठिसूळ. दोहोंचा संयोग मात्र हलका, कणखर आणि हव्या त्या आकारात ओतता येण्याजोगा. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडारची आवरणे या पदार्थाची होऊ लागली. १९४२ साली ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन याने या मिश्रणाची एक लहान होडी बनवली. युद्ध संपल्यावर हा पदार्थ नौकाबांधणीत झपाट्याने पसरला.

फायबरची होडी घडवण्याचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे, कारण दुरुस्तीचे मर्म त्यातच आहे. प्रथम होडीचा साचा तयार करतात आणि त्याच्या आतील गुळगुळीत अंगाला मेण चोळतात. त्यावर रंगीत रेझिनचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात. हाच ‘जेलकोट’. तो घट्ट होऊ लागला की काचतंतूंची चटई, म्हणजे ‘मॅट’, अंथरून रेझिनने भिजवतात. वर विणलेले जाड कापड, पुन्हा मॅट, असे थर चढत जातात. सारे घट्ट झाल्यावर साच्यातून होडी बाहेर निघते, तेव्हा सर्वांत आधी दिलेला जेलकोट सर्वांत बाहेर आलेला असतो. चकाकी त्याची आणि पाण्याला पहिला अटकावही त्याचाच. होडीचे बळ मात्र आतल्या काचतंतूंत असते.

‘अक्षय’ होडीचा भ्रम

आरंभीच्या काळात या होड्यांना दुरुस्तीच लागणार नाही, असा समज पसरला. त्याला काही आधारही होता. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९५० च्या दशकाच्या आरंभी चाळीस फुटी गस्तनौका फायबरग्लासच्या बांधल्या होत्या. १९५२ साली बांधलेल्या एका नौकेच्या अंगाचा तुकडा १९६२ मध्ये कापून तपासला आणि १९७२ मध्ये पुन्हा तशीच तपासणी केली. वीस वर्षांच्या वापरानंतरही तिच्या बळात म्हणण्यासारखी घट आढळली नाही. १९७३ साली ब्रिटिश नौदलात ‘विल्टन’ ही सुमारे ४६ मीटर लांबीची सुरुंगशोधक युद्धनौका दाखल झाली. काचतंतूंचे अंग असलेली ती पहिली युद्धनौका. चुंबकीय सुरुंगांच्या क्षेत्रात लोखंड धोक्याचे, म्हणून हा पदार्थ निवडला गेला.

परंतु त्याच सुमारास सदैव पाण्यात उभ्या राहणाऱ्या क्रीडानौकांच्या तळांवर फोड दिसू लागले. फोड फोडला की आंबूस वासाचे पाणी बाहेर येई. जेलकोट पाणी अडवतो खरा, पण पूर्णपणे नव्हे. पाण्याचे सूक्ष्म कण त्यातून हळूहळू आत शिरतात. आत राळेतील न जुळलेले विद्राव्य अंश असतात, त्यांत ते मिसळतात आणि दाट द्रव तयार होतो. तो द्रव आणखी पाणी ओढतो, दाब वाढतो आणि जेलकोट फुगतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी तटरक्षक दलासाठी या फोडांच्या कारणांचा अभ्यास करून १९८७ साली अहवाल दिला. त्यानंतर अधिक चांगली राळ वापरण्याकडे बांधणाऱ्यांचे लक्ष गेले.

या शोधाने एक गोष्ट शिकवली: फायबरच्या होडीचे वरचे अंग पाहून तिच्या प्रकृतीचा निर्वाळा देता येत नाही. वर केसासारखी रेघ दिसावी आणि आत थर एकमेकांपासून सुटलेले असावेत, असेही घडते. आणि वर भयंकर दिसणारे जाळे केवळ जेलकोटपुरतेच असावे, असेही घडते. म्हणून जाणता कारागीर आधी लहान हातोडीने अंग ठोकून ऐकतो. निरोगी जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. कुंभाराकडून मडके घेताना आपल्या आया-आज्या करीत, तीच ही परीक्षा.

आधी मोठा करावा, मग बुजवावा

तडा दिसला की त्यावर पुट्टी दाबून रंग मारावा, हा माणसाचा पहिला विचार. फायबरच्या बाबतीत तो घातक ठरतो. कारण असे: रेझिन एकदा पूर्ण घट्ट झाले की, त्यावर नंतर दिलेले रेझिन त्याच्याशी रासायनिकरीत्या एकजीव होत नाही. नवा थर जुन्या थराला केवळ चिकटून राहतो. ती चिकट टिकायची तर जुना पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ आणि खरखरीत हवा, आणि जोडाचे क्षेत्र मोठे हवे.

म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम आहे तो तडा मोठा करण्याचा. भेगेच्या दोन्ही अंगांनी फुटका, पांढुरका झालेला भाग निरोगी थर लागेपर्यंत कापून टाकावा लागतो. खारे पाणी मुरले असेल तर गोड्या पाण्याने धुऊन ती जागा वाळू द्यावी लागते. याला कधी कधी अनेक दिवस लागतात. मेण आणि तेलकटपणा अॅसिटोनने पुसून काढतात, तोही घासण्यापूर्वी. नाहीतर घासताना तेच मेण ओरखड्यांत मुरते. मग ग्राइंडरने भोकाच्या कडा उतरत्या करतात. भार पेलणाऱ्या भागात ही उतरण साधारणपणे बारास एक ठेवावी, असे सांगतात. अंगाची जाडी पाच मिलिमीटर असेल तर चारी बाजूंनी साठ-साठ मिलिमीटर उतार. एका रुपयाच्या नाण्याएवढे भोक बुजवण्यासाठी थाळीएवढी जागा घासावी लागते. होडीच्या मालकाला हे पाहवत नाही, परंतु टिकण्याचा दुसरा मार्ग नाही.

भोक आरपार असेल तर मागून मेण लावलेल्या पत्र्याचा आधार देतात. त्यावर मॅटचे व कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून एकेक करून बसवतात आणि रोलर फिरवून आतील हवा काढतात. हवेचा बुडबुडा राहिला तर उद्याचे पाणी तेथेच साठते.

सर्वांत शेवटी जेलकोट. बांधताना जो पहिला होता, तो दुरुस्तीत शेवटी येतो आणि इथे एक गमतीची अडचण उभी राहते. पॉलिएस्टर जातीचा जेलकोट हवेच्या संपर्कात पूर्ण घट्ट होत नाही. त्याचे वरचे अंग चिकट राहते. साच्यात बांधताना तो साच्याला टेकलेला असल्याने हवा लागत नव्हती. दुरुस्तीत त्याला साचा नाही. म्हणून त्यात थोडे मेण मिसळतात, किंवा वर प्लास्टिकचा कागद घट्ट पसरतात. घट्ट झाल्यावर अधिकाधिक बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासले की ठिगळ आणि जुने अंग एकसारखे दिसू लागते. उन्हाने फिकटलेल्या रंगाशी नवा रंग जुळवणे हे मात्र अनुभवानेच येते.

लाकडी होडीवर फायबरचे आवरण चढवण्याचीही रीत आहे. लाकूड पूर्ण सुके आणि निरोगी असेल तर ते आवरण उपकारक ठरते. पण ओल्या वा कुजू लागलेल्या लाकडावर ते चढवले तर ओल आत कोंडते, लाकूड आत कुजत जाते आणि बाहेरून होडी नवी दिसते.

दक्षिणेचा धडा

आपल्या देशात या विद्येची कसोटी दक्षिण किनाऱ्यावर लागली. कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम हे कॅथलिक मच्छीमारांचे गाव. तेथे कोट्टार धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेच्या कार्यातून, पियर जिले या बेल्जियन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली, १९७० च्या दशकापासून प्लायवूडच्या लहान होड्या बांधण्याचे प्रयोग झाले. पारंपरिक कट्टुमरमसाठी आणि कोरीव होड्यांसाठी लागणारे मोठे लाकूड दुर्मीळ आणि महाग होत चालले होते. १९८५ साली जिले यांनी या अनुभवावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच, लहान गोष्ट अवघड असते, अशी कबुली आहे. तंत्र नवे आणायचे तर ते वापरणाऱ्या माणसालाच दुरुस्त करता आले पाहिजे, ही अडचण त्यांतली मोठी. पुढे या किनाऱ्यावर प्लायवूडच्या मागोमाग फायबरच्या होड्या आल्या.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो होड्या नष्ट झाल्या. जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला आणि देणाऱ्या संस्थांनी मोठ्या संख्येने फायबरच्या होड्या वाटल्या. मागणी एकाएकी वाढली, तसे नवखे कारखानदारही पुढे आले. घाईत बांधलेल्या अनेक होड्यांचा दर्जा कमी होता, असे नंतरच्या पाहण्यांत आढळले. कोठे थर कमी, कोठे रेझिनचे मिश्रण चुकलेले; वरून जेलकोट मात्र झगझगीत. दान देणाऱ्याने चकाकी पाहिली, घेणाऱ्याच्या वाट्याला लाटांचा मारा आला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पुढे या किनाऱ्यावर उतरणाऱ्या होड्यांच्या बांधणीसाठी प्रशिक्षण-पुस्तिका काढल्या, त्यामागे हा कटू अनुभव होता.

आपला किनारा, आपले दिवस

महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. साहजिकच डागडुजीची कामे याच काळात निघतात. परंतु हे दिवस ऐन पावसाळ्याचे. हवेत ओल भरलेली असते आणि काचतंतू व रेझिन यांना ओलीइतका दुसरा शत्रू नाही. पक्क्या छपराखाली, जागा वाळवून काम केले तर ते साधते. उघड्यावर ताडपत्री धरून केले तर ठिगळाखाली पाणी कोंडण्याची भीती. फायबरच्या दुरुस्तीला खरा योग्य काळ म्हणजे कडक उन्हाळा. पण त्या दिवसांत होडी बांधून ठेवणे म्हणजे घरची चूल मंद करणे. ज्या गावांत मच्छीमार सोसायट्या आहेत, त्यांनी दुरुस्तीसाठी एखादी सामाईक शेड उभारली तर हा पेच बराच सुटेल.

दुसरी गोष्ट आरोग्याची. लाकडाचा भुसा आणि काचेची धूळ यांत फार अंतर आहे. घासताना उडणारे काचतंतू कातडीत आणि छातीत शिरतात. रेझिनमधील स्टायरीन या द्रव्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हार्डनर आणि कोबाल्ट ही दोन द्रव्ये परस्परांत थेट मिसळली तर आग लागते वा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून मगच हार्डनर घालावा, हा नियम जिवावरच्या अपघातांतून आला आहे. मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे यांचा खर्च होडीच्या एका फेरीच्या डिझेलपुढे काहीच नाही. उघड्या तोंडाने ग्राइंडर चालवणारा तरुण आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा असतो.

तिसरी गोष्ट होडीच्या अखेरची. लाकडी होडी मरताना काहीतरी देऊन जाते. तिच्या फळ्या दुसऱ्या होडीला, घराला, चुलीला कामी येतात. फायबरची होडी कुजत नाही, वितळवून पुन्हा ओतता येत नाही आणि जाळली तर विषारी धूर देते. बंदरांच्या कडेला टाकून दिलेल्या तुटक्या होड्या वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात. फ्रान्समध्ये २०१९ पासून जुन्या क्रीडानौका मोडीत काढण्याची देशव्यापी व्यवस्था सुरू झाली आहे. आपल्याकडेही हा प्रश्न उद्या दाराशी येणार आहे. तोवर एकच उपाय आपल्या हाती आहे: जी होडी आहे ती नीट दुरुस्त करून जास्तीत जास्त वर्षे वापरणे.

गालीलच्या त्या होडीचा सुतार कोण होता, हे कधीच कळणार नाही. त्याच्यापाशी चांगले लाकूड नव्हते. पण कुजकी फळी झाकायची नसते, काढायची असते, हे त्याला ठाऊक होते. नवा पदार्थ आला, नवी हत्यारे आली, तरी तो नियम पालटलेला नाही. येत्या उन्हाळ्यात आपल्या गावातील कोणी होडीवरचा तडा दाखवून “जरा पुट्टी मारून दे” असे म्हणाला, तर त्याला थोडे थांबवावे. आधी हातोडीने ठोकून ऐकावे. मग आत काय आहे ते उघडून पाहावे. वेळ जाईल, पैसे जातील, भोक मोठे दिसेल. परंतु त्या होडीतून पहाटे समुद्रावर जाणारी माणसे परत येतील, ती त्या आतल्या थरांच्या भरवशावर.